उगालीची ओळखपरेड

१२ एप्रिल

नोकरीत असताना ड्यूटी संपली की स्टेशन डायरी लिहायचो. निवृत्त झालो, ती सवय सुटली, आणि तेव्हापासून या घरात कुठल्याच गोष्टीचा नीट तपास होत नाही असं माझं मत आहे. आज बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली. घडेल ते लिहायचं, खोटं लिहायचं नाही. सार्जंट मोसोनिकच्या नोंदीवर कोर्टात कधी कोणी बोट ठेवलेलं नाही.

आजची घटना: दुपारी जेवताना उगालीचा घास छातीत अडकला. मक्याच्या पिठाचा हाच घट्ट गोळा खाऊन लहानाचा मोठा झालो, असं कधी झालं नव्हतं. उठून उभा राहिलो, पाणी प्यायलो, तेव्हा कुठे खाली उतरला. संशयित: सून चेलांगत. उगाली तिनेच ढवळली होती आणि तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं.

१५ एप्रिल

सुनेचा जबाब घेतला. आमच्यात सासऱ्याने सुनेशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नसतं, म्हणून बायको मध्ये उभी राहिली. चेलांगत चुलीकडे बघत म्हणाली, "आई, त्यांना सांगा, रोजच्यासारखीच केली होती. घरात सगळ्यांनी खाल्ली. अडकली ती एकट्या त्यांनाच."

उत्तर उद्धट, पण मुद्देसूद. सोडून दिलं.

२२ एप्रिल

पुन्हा अडकला. आता संशय गिरणीवाल्यावर. त्याच्याकडे जाऊन पीठ चिमटीत घेऊन बघितलं. मला तरी भरड वाटलं. तो म्हणाला, "सार्जंट, याच पिठावर सगळा डोंगर जगतोय. तुमच्याच घशाला काय राजाची चाळणी लागलीय?" बाजूच्या बायका हसल्या. मी त्याला कायद्याच्या दोन गोष्टी सुनावल्या आणि पीठ दोनदा दळून आणलं. काही फरक नाही. यंदाचा मकाच खराब आहे.

६ मे

चहाची पानं घेऊन शेडवर गेलो होतो. पानं न्यायला येणारी कारखान्याची लॉरी नेहमीप्रमाणे उशिरा. तिथे टोनुई भेटला. आम्ही दोघं एकाच वर्षी, एकाच झोपडीत राहून दीक्षा घेतलेले, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचे आणि भांडायला मोकळे. दीक्षेच्या पहाटे सुंतेची सुरी फिरते तेव्हा सगळं गाव तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं. आवाज नाही, कपाळावर आठी नाही. पापणी लवली तर जन्माची नाचक्की. माझी लवली नाही. टोनुईची लवली होती. तो म्हणतो, डोळ्यात माशी गेली.

पुढे मीच मोतिरियोत झालो, म्हणजे झोपडीत त्या पोरांना तयार करणारा गुरू. या डोंगरावर आज जे कर्ते पुरुष आहेत त्यातले कितीतरी माझ्या हाताखालून गेले. त्यातल्या एकाचीही पापणी लवली नाही. पोलिसातल्या पदकापेक्षा मला याचा जास्त अभिमान आहे.

टोनुईने माझ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "काय रे, नवीन भोक पाडलंस? दुसरं लग्न करतोयस की काय?"

"पोलीस कॉलेजात होतो तसा झालोय," मी म्हटलं. "तुझं पोट बघ, लॉरीत आधी ते चढतं."

खरंच, अंग हलकं झालंय. या वयात इतकं सडपातळ कोण असतं?

२ जून

धाकट्या मेव्हण्याकडे बकरं कापलं होतं. मानाचा तुकडा मला दिला. नाही म्हणणं शक्य नव्हतं. चावून चावून गिळला आणि तो तिथेच बसला, ना वर ना खाली. गोठा बघून येतो असं सांगून मागे गेलो आणि सगळं बाहेर काढलं. कुत्र्याने पुरावा खाऊन टाकला. परत येऊन मेव्हण्याच्या बकऱ्याची तोंडभर स्तुती केली. कोणाला काही कळलं नाही.

तापरांदिच, म्हणजे माझी बायको, परत येताना वाटभर गप्प होती. तिचे गुडघे दुखत असावेत.

११ जुलै

तापरांदिचला हल्ली पेजेचं वेड लागलंय. बाजरीची पातळ पेज, त्यात दूध घालून, सकाळ-संध्याकाळ. म्हणते, माझे दात गेले, मला तेवढीच जमते. तिच्यासाठी म्हणून मीही पितो. उगाली आता फक्त सूनबाई खातात. म्हातारपणी बायकांच्या आवडी बदलतात, याची नोंद घ्यावी.

२५ जुलै

गावच्या दवाखान्यात गेलो, ते तापरांदिचने डोकं खाल्लं म्हणून. कंपाउंडर भला माणूस. त्याने विचारलं, "छातीत जळजळ होते का?" म्हटलं, थोडी. "गिळायला त्रास?" म्हटलं, नाही. तो माझ्या पुतण्याच्या वयाचा, आणि बाकावर बाहेर माझ्या झोपडीतली दोन पोरं बसली होती, आता बाप झालेली. त्यांच्यादेखत काय सांगायचं, की मोतिरियोतला घास गिळता येत नाही?

पित्ताचं गुलाबी औषध दिलं. चव चांगली आहे.

२१ ऑगस्ट

आज सविस्तर लिहायला हवं.

सकाळी दूध अडकलं. नुसतं दूध. अंगणात खुर्चीवर बसलो होतो, तेवढ्यात तापरांदिच चर्चला जायचा झगा घालून समोर आली आणि सावधान उभी राहिली.

"सार्जंट, तक्रार नोंदवून घ्या."

मला वाटलं थट्टा करतेय. "कोणाची कोंबडी गेली?"

"कोंबडी नाही. नवऱ्याविरुद्ध तक्रार आहे. तो चोरून उपाशी राहतोय."

"हे बघ, तापरांदिच..."

"नाव फिर्यादीचं घातलंत का? तापरांदिच. लग्नाची बायको. आरोपी पेज पितो आणि बाहेर सांगतो की बायकोला आवडते. मला पेज आवडत नाही. मला पेजेचा वीट आलाय. आरोपी गोठ्यामागे जाऊन ओकतो. आरोपीच्या पाठीचं हाड न् हाड मी अंधारात हाताने मोजू शकते." इथे तिचा आवाज फाटला, पण ती जागेवरून हलली नाही. "तुम्ही नोकरीत एकाही बाईला दारातून परत पाठवलं नाही म्हणून सांगता ना सगळ्यांना? मग लिहा."

मी कधीही तक्रार घ्यायला नकार दिलेला नाही. दारुड्यांची घेतली, वेड्यांची घेतली. वही काढली आणि लिहिलं: फिर्यादी तापरांदिच, आरोपी मोसोनिक. खाली तिने अंगठा नाही, सही केली. मला ठाऊकच नव्हतं ती सही करते. सुनेने शिकवली म्हणे.

तक्रार नोंदली की तपास आला. आरोपीला उद्याच मिशनच्या हॉस्पिटलात हजर करायचं ठरलं. रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पण इतकी शिस्तशीर फिर्याद कोणीच दिली नव्हती. बायको माझी आहे, हे ध्यानात घ्यावं.

२२ ऑगस्ट

हॉस्पिटलच्या बाकावर पोलिसाच्या नजरेने बघितलं. लांबलचक रांग, बहुतेक आमच्याच डोंगरावरचे पुरुष. प्रत्येकाजवळ दुधाचा थर्मास. प्रत्येकाच्या पट्ट्याचं टोक बाहेर लोंबणारं. कोणी कण्हत नव्हतं. इतकी शांत रांग मी बँकेतही पाहिलेली नाही.

डॉक्टर निघाला लांगात. माझ्या झोपडीतला! मला बघताच तो ताडकन उभा राहिला. "मोतिरियोत, तुम्ही?" सगळ्या नर्स माझ्याकडे बघायला लागल्या. तापरांदिचला कोपराने ढोसलं.

घशातून कॅमेऱ्याची नळी घातली. नर्स म्हणाली, "आजोबा, दुखलं तर हात वर करा." मी हात मांडीवरून हलवला नाही. नळी काढल्यावर तिला विचारलं, कसा राहिलो? ती म्हणाली, "हात वर केला असता तर औषध वाढवून दिलं असतं. उगाच सोसलंत."

तिला काय समजणार.

२ सप्टेंबर

रिपोर्ट आला. लांगातने मला आणि तापरांदिचला आत बोलावलं, दार लावलं, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि सरळ माझ्या डोळ्यात बघून म्हणाला, "मोतिरियोत, कॅन्सर आहे. अन्ननलिकेत. फुप्फुसापर्यंत गेलाय. कापून काढता येणार नाही. आत जाळीची नळी बसवतो, म्हणजे खाता येईल. बरं करता येणार नाही."

आडपडदा नाही, लाडीगोडी नाही. एकदाही नजर खाली घातली नाही त्याने. पोरगं माझ्याच हाताखालचं, म्हणून छाती भरून आली. दुसरं काही वाटलं असेल तर ते लिहायची आज ताकद नाही. तापरांदिचने माझा हात धरला, लांगातदेखत, आणि मी तो सोडवला नाही.

तपास म्हणून विचारलं, "पहिला घास अडकला तेव्हाच आलो असतो तर?"

"तर कदाचित आज दुसरं काही सांगितलं असतं."

मग तो बोलू नये ते बोलला. "तुम्ही आम्हाला शिकवलंत की तोंडातून आवाज काढायचा नाही. आम्ही चांगले शिकलो. बाहेर बाकावर बघा, मोतिरियोत. सगळे तुमच्यासारख्यांचेच विद्यार्थी आहेत. इथे येतात ते पाणीसुद्धा उतरेनासं झाल्यावर."

मी उठून बाहेर आलो. त्याला आशीर्वाद दिला नाही.

११ सप्टेंबर

नळी बसवली. काल दुधात कालवलेली मऊ उगाली खाल्ली. खाली गेली! सरळ, कुरकुर न करता. तापरांदिच प्रत्येक घासाला मान हलवत होती, जणू तीच गिळतेय. मग म्हणाली, "देवा, आता मला पेज प्यायला लागणार नाही," आणि इतकी हसली की पुढे ते हसणं राहिलं नाही. मी तिला रडू दिलं.

घट्ट उगाली मात्र बंद, ती कायमची.

१९ सप्टेंबर

लांगातवर राग आहे. आठवडाभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडतोय.

तालीम चुकीची नव्हती. सुरीपुढे जो ओरडत नाही, तो पुढे गुरं पळवणाऱ्यांपुढे पळत नाही, दुष्काळात दुसऱ्याच्या ताटातलं ओढत नाही. ते सगळं मी स्वतः जगलोय आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण सुरीची एक सकाळ असते. ती सरते. पुढे कुठल्या दुखण्यात गप्प बसायचं आणि कुठल्यात बोंब मारायची, हे आम्ही कोणीच कधी सांगितलं नाही. माझ्या मोतिरियोतने मला सांगितलं नाही, मी पोरांना सांगितलं नाही. तालीम अर्धीच राहिली.

अर्धी राहिली तर पुरी करायची. गुरू अजून जिवंत आहे.

३ ऑक्टोबर

आज चहाच्या शेडवर ओळखपरेड घेतली.

तापरांदिच आणि चेलांगत दोघींनी मिळून मोठ्या पातेल्यात उगाली केली, कोरडी खडखडीत, सोबत ना दूध ना भाजी. पानांची पोती टेकवून माणसं लॉरीची वाट बघत होती. मी शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि जाहीर केलं, "इथल्या प्रत्येक पिकल्या केसाच्या गड्याने माझ्यासमोर उभं राहून एक घास गिळायचा. पाण्याशिवाय."

"कशाला?" गिरणीवाला म्हणाला. "माझं पीठ पुन्हा पकडलंत की काय?"

"ओळखपरेड आहे."

"आरोपी कोण?"

"तो माझ्यात सापडलाय. त्याचे साथीदार शोधतोय."

हसले सगळे. मग मी शर्ट काढला. हसणं बंद झालं. उभा राहून सांगितलं, "कॅन्सर आहे. घास अडकायला लागला तेव्हा मी सुनेला धरलं, गिरणीवाल्याला धरलं, मक्याला धरलं. तोंडातून शब्द काढला नाही. आता डॉक्टर म्हणतो उशीर झाला. तुमच्यातले अर्धे माझ्या झोपडीत शिकलेत. आज शेवटचा धडा आहे, पाठ दाखवून जाऊ नका."

एकेक जण पुढे आला. झोपडीत असताना मी चेहऱ्याकडे बघायचो, आज गळ्याकडे बघत होतो. घाटी वर जायची, खाली यायची, मी म्हणायचो, पुढचा. गिरणीवाल्याने दोन घास मागितले.

टोनुई मागे मागे राहत होता. "मी घरून खाऊन आलोय रे."

"एक घास."

"तुझ्या बायकोच्या हातचा? मरायचंय का मला?" पोरं हसली. पण त्याने घेतला. चघळला, हनुवटी थोडी वर केली, छातीवर काहीतरी खाजवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "झालं. आता जरा लघवीला जाऊन येतो."

ही चाल मला पाठ आहे, मीच तर खेळलोय ती. उठलो आणि पोत्यांच्या मागे गेलो. टोनुई वाकून थुंकत होता. डोळ्यातून पाणी येत होतं.

"घशात माशी गेली?" मी विचारलं.

तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. खांबाला टेकून उभा राहिला. "अडकतं रे, मोसोनिक. आणि दुखतं."

"कधीपासून?"

"मका काढायच्या सुमारास. कोरडं खाल्लं तरच. कोणाला बोललो नाही."

"पुढे चल आणि हेच मोठ्याने बोल."

"डोकं फिरलंय तुझं? सगळ्या पोरांसमोर?"

"त्यांच्यासाठीच तर बोलायचं. मी मोतिरियोत आहे, मी सांगतो, आज पापणी लवली तरी चालेल."

त्याने माझ्या बरगड्यांकडे बघितलं. मग पुढे गेला, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला गिळताना दुखतं." आवाज बारीक आला, पण पोचला. कोणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, त्यालाही कधी कधी होतं. मग आणखी एक.

मी मोतिरियोत म्हणून पुष्कळ सकाळी पाहिल्या. आजच्यासारखा ताठ कधी उभा राहिलो नव्हतो. लॉरी आली तेव्हा ड्रायव्हरलाही घास खायला लावला.

५ ऑक्टोबर

तिघांना घेऊन हॉस्पिटलात गेलो. मटाटूत, म्हणजे त्या खच्चून भरलेल्या प्रवासी गाडीत, टोनुई वाटभर मला शिव्या देत होता. लांगात रांगेपाशी आला, आधी त्या तिघांकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्याला म्हटलं, "तुझं ऐकलं म्हणून नाही. तालीम पुरी करतोय म्हणून." त्याने डोकं पुढे केलं. मी त्यावर हात ठेवला.

२० ऑक्टोबर

दोघांना नुसतं पित्त निघालं. ते आता सगळीकडे सांगत फिरतायत की सार्जंटने खोट्या गुन्ह्यात पकडलं. टोनुईला तेच आहे जे मला आहे. पण लहान, जागच्या जागी. लांगात म्हणाला, "वेळेत आले असं म्हणणार नाही, पण कापण्यासारखं आहे. मोठं ऑपरेशन, खात्री देत नाही."

टोनुईने मला विचारलं, "फार दुखेल का रे?"

"फार," मी म्हटलं.

८ नोव्हेंबर

बाहेर फारसा जात नाही. ऊन लागतं. पोरगा रजा नसताना आलाय आणि छपराची डागडुजी करतोय. मेव्हणे, चुलते, सगळे एकेक करून भेटून जातात, प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. ओळखपरेडची बातमी लांबवर पोचलेली दिसते. पुढच्या डोंगरावरच्या शेडवरही तशीच घेतली म्हणे. तिथला मोतिरियोत निरोप्या पाठवून विचारत होता, उगाली किती कोरडी करायची. चेलांगत पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, त्यांना कळवा, सार्जंटच्या सुनेला विचारा." तिला रागावलो नाही.

अक्षर वाकडं येतंय. गारठा आहे.

२९ नोव्हेंबर

टोनुईची मुलगी आली होती. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, सगळी. तो शुद्धीवर आहे.

मी विचारलं, "दुखतंय का त्याला?"

पोरगी लाजून झग्याच्या काठाशी चाळा करायला लागली. "काका, काय सांगू. फार ओरडतात. नर्स दिसली की 'दुखतंय, दुखतंय' सुरू. काल डॉक्टरांचा कोट धरून ठेवला. अख्ख्या वॉर्डाला माहीत झालंय आम्ही कुठल्या गावचे. शेजारचे म्हातारे पण आता ओरडायला लागलेत. मला तर मान वर करायला होत नाही."

मी तिला जवळ बसवलं. तापरांदिचला चहा टाकायला सांगितलं आणि त्या पोरीला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. तो कसा ओरडतो, किती लांब ऐकू जातं, नर्स काय म्हणते. दोनदा ऐकलं. तापरांदिच दारात उभी राहून डोळे पुसत हसत होती.

पोरगी निघाली तेव्हा तिच्याबरोबर निरोप दिला. त्याला म्हणावं, मोतिरियोतचा हुकूम आहे, अजून जोरात.